विमानाचे पॉइंट : एका उडत्या पुंजीचा इतिहास

यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहून द्यावे, अशी संपादिकाबाईंची सूचना आली तेव्हा त्यांच्या मनात बहुधा पेशवाई असावी. परंतु आपल्या मंडळात हळदीकुंकवापासून सहलीपर्यंत ज्या विषयावर हटकून बोलणे निघते, त्यालाही आता चांगला चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा इतिहास झाला आहे, आणि कर्जबाजारीपणात तो उत्तर पेशवाईला हार जाणार नाही. हा विषय म्हणजे विमान कंपन्या नेहमीच्या प्रवाशांच्या खात्यावर जमा करतात ते पॉइंट. कोणी त्यांस माइल्स म्हणतात, कोणी मैल म्हणतात. आपल्यापैकी निम्म्या घरांतील मुले-मुली बंगळूर, दुबई, सिडनी नाहीतर अमेरिकेत आहेत; त्यामुळे अमकीच्या जावयाच्या खात्यावर ऐंशी हजार जमले, तमकी त्यावर फुकट जाऊन आली, ही वार्ता आपल्याकडे सोन्याच्या भावाइतक्याच आस्थेने ऐकली जाते. पण ज्या कंपनीने हे पॉइंट दिले, तिचेच दिवस फिरले तर त्या ऐंशी हजारांचे काय होते? हे आजवर पुष्कळदा घडले आहे. त्याचीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

या प्रथेचा जन्म अमेरिकेतला. तेथे १९७८ सालापर्यंत कोणत्या कंपनीने कोठे उडावे आणि भाडे किती घ्यावे, हे सरकार ठरवीत असे. त्या वर्षी कायदा झाला, बंधने उठली आणि कंपन्यांत भाड्याची चुरस सुरू झाली. स्वस्त तिकिटामागे धावणाऱ्या प्रवाशास आपल्याशीच कसे बांधून ठेवावे, ही चिंता पडली. अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीजवळ आरक्षणासाठी संगणक होता. त्यातून तिने वारंवार प्रवास करणाऱ्यांची नावे निवडून काढली आणि १ मे १९८१ रोजी ‘अ‍ॅडव्हान्टेज’ नावाची योजना सुरू केली. जितके मैल उडाल तितके खात्यावर मांडू, पुरेसे झाले की बक्षीस देऊ, असा तो साधा व्यवहार. युनायटेड कंपनीने आठवड्याच्या आतच आपली योजना काढली. मग काय, सर्वांनीच काढल्या.

१९८७ साली सिटीबँकेने अ‍ॅडव्हान्टेजशी जोडलेले क्रेडिट कार्ड काढले, आणि येथून या गोष्टीचे रूप पालटले. आता विमानात न बसताही, वाण्याच्या बिलावर मैल मिळू लागले. बँक ते मैल विमान कंपनीकडून रोख पैशांनी विकत घेते आणि आपल्या ग्राहकास वाटते. कंपनीला पैसा आज मिळतो. तिकीट द्यावयाचे ते दोन, चार, दहा वर्षांनी, आणि कित्येकांना तर कधीच नाही. हा पैसा इतका गोड लागला, की अडचणीत आलेली कंपनी पुढे निर्माण व्हावयाचे मैलही आधीच विकू लागली. २००९ साली अमेरिकन एअरलाइन्सने सिटीबँकेकडून असे १ अब्ज डॉलर आगाऊ घेतले.

मंडळाच्या भिशीचे हिशेब मी बरीच वर्षे लिहीत आहे, म्हणून हे मला भिशीच्या भाषेतच चटकन उमगते. आपल्या भिशीत बारा जणी असतात. जिची चिठ्ठी पहिल्या महिन्यात निघते तिला रक्कम आधी मिळते व ती पुढचे अकरा महिने देणेकरी असते. जिची शेवटी निघते ती वर्षभर घेणेकरी असते. शेवटच्या नंबराच्या बाईचा सारा भरवसा इतर अकरा जणींवर. पॉइंट साठविणारा प्रवासी हा त्या शेवटच्या नंबराच्या बाईसारखा आहे. भिशी कंपनीने केव्हाच उचललेली असते. फरक इतकाच, की आपल्या भिशीतील प्रत्येकीचे घर आपणांस ठाऊक असते आणि वही कोणीही उघडून पाहू शकते. कंपनीच्या वहीत आपले नाव कोणत्या पानावर आहे, हे कंपनी बुडेपर्यंत कळत नाही.

शिवाय ती वही लिहिण्याचे नियमही कंपनीच ठरविते. बहुतेक योजनांच्या बारीक अक्षरांतील अटींत असे असते, की हे पॉइंट सभासदाची मालमत्ता नव्हेत, त्यांना रोख मोल नाही, आणि कंपनी योजना बदलू अथवा बंद करू शकते. १९८८ साली अमेरिकन एअरलाइन्सने आधीच जमलेल्या मैलांनाही नव्या अटी लावल्या. अमुक दिवशी तिकीट मिळणार नाही, इतक्याच जागा मिळतील, वगैरे. लोक न्यायालयात गेले. १९९५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की ग्राहकांची फसवणूक होऊ नये म्हणून राज्यांनी केलेल्या कायद्यांचा आधार येथे चालणार नाही. करार मोडला असेल तर तेवढ्यापुरती दाद मागावी. आणि करार तर कंपनीनेच लिहिलेला! २०१४ साली त्याच न्यायालयापुढे आणखी एक प्रकरण आले. नॉर्थवेस्ट कंपनीने एका यहुदी धर्मगुरूचे वरच्या दर्जाचे सभासदत्व, तुमच्या तक्रारीच फार, असे कारण देऊन काढून घेतले होते. तेथेही कंपनीच जिंकली.

ही झाली चालत्या कंपनीची गोष्ट. आता बुडत्यांकडे वळू.

बुडतानाही सर्वांची एकच गत झाली नाही, हे आधी सांगितले पाहिजे. अमेरिकेतली ईस्टर्न एअरलाइन्स १९९१ च्या जानेवारीत बंद पडली. परंतु तिची मैलांची योजना कॉन्टिनेन्टल या भगिनी-कंपनीबरोबर सामाईक होती, त्यामुळे मैल कॉन्टिनेन्टलवर शाबूत राहिले. टी.डब्ल्यू.ए. ही जुनी नामांकित कंपनी २००१ साली अमेरिकन एअरलाइन्सने घेतली. तिच्या सभासदांचे मैल नव्या मालकाने आपल्या खात्यात वळते केले. हा दानधर्म नव्हे. विमाने भाड्याने मिळतात, वैमानिक मिळतात; पण नेमाने प्रवास करणाऱ्या लाखो माणसांची नावे-पत्ते बाजारात मिळत नाहीत. ती नावे ज्याला हवी असतील, तो त्यांचे मैलही सांभाळतो.

तसेच तिकडच्या कायद्यात दिवाळखोरीचा अर्ज करूनही धंदा चालू ठेवण्याची सोय आहे. युनायटेडने २००२ साली, डेल्टाने २००५ साली आणि अमेरिकन एअरलाइन्सने २०११ साली असे अर्ज केले. अशा वेळी कंपन्या पहिल्याच दिवशी न्यायालयाकडे जी परवानगी मागतात, तीत प्रवाशांचे मैल पूर्ववत मानण्याचीही परवानगी असते. कारण मैल गेले अशी नुसती आवई उठली तरी उद्यापासून तिकीट कोण काढणार? या तिन्ही कंपन्या तगल्या आणि मैलही तगले. यामुळे पुष्कळांची अशी समजूत झाली, की कंपनीचे काही होवो, पॉइंट कोठे जात नाहीत.

ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅन्सेटने ती समजूत खोटी ठरविली. रेजिनल्ड अ‍ॅन्सेट या गृहस्थाने १९३६ साली हॅमिल्टन ते मेलबर्न असे एक लहानसे विमान सुरू केले. त्यातून देशातल्या दोन मोठ्या कंपन्यांपैकी एक उभी राहिली. २००० साली ती सर्वस्वी एअर न्यूझीलंडच्या मालकीची झाली. २००१ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे ऐन ईस्टरच्या सुटीच्या सुमारास, तपासणीत कसूर आढळल्यामुळे तिची बोइंग ७६७ जातीची विमाने जमिनीवर बसविण्यात आली. तोटा वाढतच होता. १२ सप्टेंबरला कारभार प्रशासकांकडे गेला आणि १४ सप्टेंबरच्या पहाटे सर्व विमाने थांबली. सुमारे १६ हजार माणसांची नोकरी एका रात्रीत धोक्यात आली. काही विमाने ऑक्टोबरात पुन्हा उडाली, पण २००२ च्या मार्चमध्ये तीही कायमची थांबली.

अ‍ॅन्सेटच्या योजनेचे नाव ‘ग्लोबल रिवॉर्ड्स’. १९९९ पासून कंपनी जगातल्या मोठ्या विमानसंघात सामील होती, म्हणजे तिच्या पॉइंटवर इतर देशांच्या कंपन्यांची तिकिटेही मिळत. कोणालाही वाटावे, की एवढे हात पाठीशी असताना भय कसले? परंतु कंपनी थांबली त्या क्षणी सारे हात मागे गेले. दुसऱ्या कंपनीने तिकीट द्यावयाचे ते अ‍ॅन्सेट त्याचे पैसे चुकते करणार या हिशेबाने. पैसे देणाराच राहिला नाही, तेव्हा तिकीट कोठले? कर्मचाऱ्यांच्या थकलेल्या देण्यांसाठी सरकारने प्रत्येक तिकिटावर १० डॉलरची पट्टी बसविली, आणि ते योग्यच झाले. पॉइंट मात्र बुडाले. एअर न्यूझीलंडला तिच्या सरकारने पैसा ओतून वाचविले, पण मूळ कंपनी वाचली म्हणून मुलीचे पॉइंट वाचले नाहीत.

आता आपल्या देशाकडे. १९५३ साली आपल्याकडील विमानवाहतूक राष्ट्राच्या मालकीची झाली आणि चाळीस वर्षे तशीच राहिली. १९९४ साली तो कायदा रद्द झाला, पण त्याआधीच खाजगी कंपन्यांना ‘हवाई टॅक्सी’ या नावाखाली वाट मोकळी झाली होती. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त ही नावे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांस आठवत असतील. दशक संपायच्या आत ती सारी मिटली. त्या पिढीतली टिकलेली एक कंपनी म्हणजे जेट एअरवेज, जिचे पहिले विमान ५ मे १९९३ रोजी उडाले. तिच्याकडे पुढे येते.

त्याआधी किंगफिशर. २००५ च्या मे महिन्यात विजय मल्ल्यांनी ही कंपनी मोठ्या थाटात सुरू केली. लाल गणवेश, आसनासमोर पडदा, चवदार जेवण. प्रवासी खूष होते हे कबूल केलेच पाहिजे. पण या कंपनीने नफ्याचे एकही वर्ष पाहिले नाही. कॅप्टन गोपीनाथांची एअर डेक्कन तिने घेतली आणि त्याबरोबर तोटाही घेतला. तिच्या पॉइंट योजनेचे नाव ‘किंग क्लब’. २०११ साल संपत आले तेव्हा पगार थकू लागले होते, तेल कंपन्या उधारी बंद करून रोख मागत होत्या. आणि तरीही किंग क्लबचे पॉइंट लोक जपून ठेवीत होते, कारण १० फेब्रुवारी २०१२ रोजी कंपनी ‘वनवर्ल्ड’ या विमानसंघात जाणार असे जाहीर झाले होते. तसे झाले असते, तर त्याच पॉइंटवर लंडन-न्यूयॉर्क करता आले असते. दिवस आठवड्यावर आला असता तो प्रवेश स्थगित झाला. १ ऑक्टोबर २०१२ पासून विमाने थांबली आणि २० ऑक्टोबरला सरकारने परवाना निलंबित केला. ती पुन्हा उडाली नाही. आसनासाठी साठविलेल्या पॉइंटला आसनच उरले नाही. ज्यांनी २०११ मध्ये मिळेल त्या तिकिटावर, अगदी नागपूर-गोवा का होईना, पॉइंट खर्चून टाकले, त्यांना तेव्हा लोक उतावळे म्हणाले असतील.

येथे आपल्या मंडळातलीच एक गोष्ट सांगते. कंपनीचे नाव देत नाही, त्याचे येथे प्रयोजनही नाही. आपल्या एका भगिनीच्या यजमानांना कचेरीच्या कामासाठी सतत फिरावे लागे. पाच वर्षांचे पॉइंट त्यांनी एका हेतूने राखले होते: परदेशी असलेल्या मुलीचे पहिले बाळंतपण. मुलीला सातवा लागला आणि विमाने थांबली. बाई रोज दुपारी, जेवणाची भांडी आवरली की, त्या कार्डावरच्या नंबरावर फोन लावीत. आधी वाट पाहा म्हणत, मग नुसतेच संगीत वाजे, मग तेही बंद झाले. ऐन मोसमात रोखीचे तिकीट काढण्याएवढे पैसे हाताशी नव्हते. डिंकाचे लाडू कुरियरने गेले. बाई गेल्या त्या नातू तीन महिन्यांचा झाल्यावर. बारशाला पाळण्याची दोरी मुलीच्या शेजारणीने ओढली, ती गुजराती होती आणि फार मायेची होती, हे त्या अजून आवर्जून सांगतात. बँकेत मुदत ठेव असती तर ती मोडता आली असती. पॉइंट मोडता येत नाहीत. त्याला पासबुक नाही, बहुतेक ठिकाणी वारसाचे नाव लावण्याची सोय नाही, आणि घरातल्या बाईच्या नावावर तर ते क्वचितच असतात. यजमानांच्या पश्चात असे खाते मिटून गेल्याचीही उदाहरणे ऐकली आहेत.

किंगफिशरनंतर शहाण्या लोकांनी एक तोड सांगण्यास प्रारंभ केला: पॉइंटची योजना विमान कंपनीतून काढून वेगळ्या कंपनीकडे द्यावी, म्हणजे एक बुडाली तरी दुसरी तरेल. आबूधाबीच्या एतिहाद कंपनीने दोन ठिकाणी हा प्रयोग केला, आणि दोन्हींचा शेवट अगदी भिन्न झाला.

पहिला प्रयोग जर्मनीतला. एअर बर्लिनच्या ‘टॉपबोनस’ योजनेची वेगळी कंपनी होती व तिचा ७० टक्के हिस्सा एतिहादने २०१२ साली घेतला. १५ ऑगस्ट २०१७ रोजी एअर बर्लिनने दिवाळखोरीचा अर्ज केला. टॉपबोनसने पॉइंट देणे-घेणे थांबविले आणि दहा दिवसांत तिनेही तसाच अर्ज केला. वेगळे दप्तर होते, वेगळी पाटी होती, पण मिळकत सारी त्या एका विमान कंपनीवर अवलंबून होती. विभक्त झालेल्या भावाची चूल मोठ्या भावाच्याच सरपणावर पेटत असेल, तर त्या विभक्तपणाला काय अर्थ?

दुसरा प्रयोग आपल्या जेटचा. नरेश गोयल यांच्या या कंपनीत एतिहादने २०१३ साली २४ टक्के हिस्सा घेण्याचे ठरविले, आणि २०१४ साली ‘जेटप्रिव्हिलेज’ या पॉइंट योजनेच्या वेगळ्या कंपनीत ५०.१ टक्के हिस्सा सुमारे १५ कोटी डॉलर देऊन घेतला. २०१८ पासून जेटचे पगार थकू लागले. २०१९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भाड्याने विमाने देणाऱ्यांनी एकेक विमान थांबविण्यास सुरुवात केली. एकेकाळी शंभरावर विमाने बाळगणारी कंपनी मूठभर विमानांवर आली. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईस येणारे विमान उतरले, ते शेवटचे. सुमारे २० हजार माणसे कामावर होती. विमानतळाभोवतीच्या पार्ले, अंधेरी, सांताक्रूझ भागांत त्यांची कितीतरी घरे होती. त्यांच्यापुढे पॉइंटचे दुःख अर्थात किरकोळ.

तरी हकीकत पुरी करते. जेटप्रिव्हिलेज बुडाले नाही. त्याचा जीव बँकांच्या कार्डांवर, हॉटेलांवर, पेट्रोलपंपांवरही होता, आणि बहुसंख्य मालकी जेटकडे नव्हती. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने ‘इंटरमाइल्स’ असे नाव घेतले. सभासदांच्या खात्यावरचा आकडा तसाच राहिला. पण त्यावर जेटचे तिकीट मिळेना, कारण जेटच नव्हती. इतर कंपन्यांची तिकिटे, हॉटेलातील खोल्या, घरगुती वस्तू, असा पर्याय राहिला. आकडा न बदलता वस्तू बदलली. लंडनच्या आशेने जमविलेल्या मैलांचा मिक्सर घ्यावा लागला तर त्यास बुडाले म्हणावे की वाचले म्हणावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझ्या मते निम्मे बुडाले.

ज्यांच्या हाती जेटची तिकिटे होती किंवा काही घेणे होते, त्यांची रांग निराळी. आपल्याकडे २०१६ साली दिवाळखोरीचा जो कायदा झाला, त्यात कंपनी विकून आलेल्या पैशांचा क्रम लावून दिला आहे. आधी त्या कामकाजाचाच खर्च. मग कामगारांचे चोवीस महिन्यांचे देणे आणि तारण असलेल्या बँका. मग इतर नोकरवर्ग. मग बिनतारणी कर्जे. मग सरकारी कर. त्यानंतर उरलेली देणी. सामान्य प्रवासी या शेवटच्या गर्दीत, आणि तोवर पातेल्यात खरवड तरी शिल्लक असेल की नाही याची शंकाच.

करोनाच्या साथीत आणखी एक नवल घडले. विमाने जमिनीवर, प्रवासी घरात. कर्ज कशावर काढावे? तेव्हा युनायटेडने २०२० साली आपली पॉइंट योजना गहाण टाकून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. डेल्टाने त्याच वर्षी ९ अब्ज आणि अमेरिकन एअरलाइन्सने २०२१ च्या मार्चमध्ये १० अब्ज. युनायटेडने आपल्या योजनेचे मोल सुमारे २२ अब्ज डॉलर दाखविले. बाजारात त्या वेळी सबंध कंपनीच्या भागांची किंमत त्याहून पुष्कळ कमी होती! म्हणजे विमाने, विमानतळावरच्या जागा, वैमानिक या साऱ्यांपेक्षा तुमच्या-आमच्या जावयांच्या प्रवासाची वही मोलाची ठरली. ती वही आता सावकाराकडे तारण गेली. तिच्यातल्या नोंदी ज्यांच्या नावावर आहेत, त्यांना मात्र काहीच तारण मिळाले नाही.

आपल्याकडे या दोन्ही गोष्टींची टोके एकाच आठवड्यात पाहावयास मिळाली. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी, पाच वर्षे चाललेली पुनरुज्जीवनाची खटपट निष्फळ ठरल्यावर, सर्वोच्च न्यायालयाने जेट एअरवेज गुंडाळून तिची मालमत्ता विकण्याचा आदेश दिला. त्यानंतर चौथ्या दिवशी, ११ नोव्हेंबरला, विस्तारा कंपनीची विमाने आपल्या नावाने शेवटची उडाली आणि १२ तारखेस ती एअर इंडियात विलीन झाली. दोहोंच्या पाठीशी टाटांचे घराणे होते, आणि विस्ताराचे प्रवासी एअर इंडियाला हवेच होते. त्यांच्या खात्यावरचे पॉइंट एकास एक या दराने एअर इंडियाच्या वहीत मांडले गेले, आणि त्या वहीस ‘महाराजा क्लब’ असे नाव मिळाले.